लँडलाइन कटवायची आहे? आधी डायरी काढा

आमच्या रामबागेतल्या घरी फायबर लावायला आलेला मुलगा जाता जाता कोपऱ्यातल्या फोनकडे बोट दाखवून म्हणाला, "भिया, अब इसको कटवा दो. फालतू में बिल भर रहे हो." इंदूरमध्ये कुणी 'भिया' म्हणून काही सांगितलं की ते पटल्यासारखंच वाटतं. मी दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, आठवड्याभरात फोन बंद झाला, आणि महिन्याला किती वाचले याचा हिशोब मी बायकोला दोनदा ऐकवला.

मग पितृपक्ष आला. बाबांच्या तिथीला गुरुजी येईचनात. साडेबाराला स्कूटर काढून त्यांच्याकडे गेलो तर कळलं, ते दुसऱ्या यजमानांकडे गेलेत. त्यांच्या डायरीत आमचा एकच नंबर, तोही बाबांनी दिलेला. चार दिवस लावून पाहिला, कुणी उचलेना, तेव्हा त्यांनी समजून घेतलं की मंडळी मुलाकडे पुण्याला गेली असतील. आई त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर मावशीचा, सासऱ्यांचा आणि शेजारच्या काकूंचा असे तीन फोन मी रीतसर कटवून दिले. त्यातून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. या कामात क्रमालाच महत्त्व आहे. अर्ज ही दहा मिनिटांची गोष्ट. त्याच्या आधीचा महिना आणि नंतरचे दोन महिने सांभाळावे लागतात.

कटवायचाच आहे ना?

तांब्याची तार आणि तुमचा नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तार जाऊनही नंबर राहू शकतो, पण एकाच परिस्थितीत: जुना फोन आणि नवं फायबर एकाच कंपनीचं असलं तर. उदाहरणार्थ, घरात बीएसएनएलचा जुना फोन आहे आणि तुम्ही त्यांचंच भारत फायबर घेताय, तर ०७३१ नंतरचा तोच सात आकडी नंबर फायबरवर नेता येतो. तेव्हा अर्ज फोन बंद करण्याचा करायचा नाही, जुनं कनेक्शन फायबरवर बदलून देण्याचा करायचा. पुष्कळ लोक आधी नव्या नंबराचं फायबर घेतात, मग जुना कटवतात, आणि मग नंबर परत मागायला जातात. एकदा सोडलेला नंबर परत मिळेल या भरवशावर राहू नका.

फायबर दुसऱ्या कंपनीचं असेल तर जुना नंबर विसरा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे मोबाइलला आहे, घरच्या फोनला नाही. जिओ असो की एअरटेल, फायबरसोबत मिळणारा घरचा फोन नव्या नंबराचाच येतो.

तिसरा प्रकार आमच्या पिढीच्या आई-वडिलांचा. थंडीत सहा महिने मुलाकडे पुण्याला किंवा बंगळुरूला, बाकी इंदुरात. अशांनी घाईने फोन कटवू नये. बीएसएनएलकडे 'सेफ कस्टडी' नावाची सोय आहे: अर्ज करून ठरावीक काळ फोन निद्रिस्त ठेवायचा, नंबर तुमचाच राहतो, परत आल्यावर सुरू करून घ्यायचा. काउंटरवर ती आपणहून कुणी सांगत नाही, विचारावी लागते.

आणि घरात एकटं राहणारं कुणी म्हातारं माणूस असेल, ज्याला मोबाइलचा पडदा वर सरकवून फोन उचलणं जमत नाही, तर माझं मत स्पष्ट आहे: तो फोन राहू द्या. महिन्याच्या त्या पैशांत याहून चांगलं काही विकत येत नाही.

पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवा

फायबर लागलं त्या दिवशी सगळं छान चालतं. खरी परीक्षा पहिल्या वादळी संध्याकाळी होते. म्हणून निदान पंधरा दिवस, जमलं तर बिलाचा एक पूर्ण महिना, दोन्ही कनेक्शनं शेजारी शेजारी चालवून बघा. दोन-तीनशे रुपये जास्त जातील, जाऊ द्या.

या काळात काय बघायचं? भिंतीवर लावलेल्या फायबरच्या डब्यावर, ज्याला ते ओएनटी म्हणतात, तीन-चार दिवे असतात. 'पॉन' नावाचा हिरवा दिवा स्थिर हवा. 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकला की बाहेरून येणारा प्रकाश तुटलाय. डबा बंद-चालू करून काही होणार नाही, थेट तक्रार नोंदवा. आठवड्यातून किती वेळा तो लाल होतो, ते भिंतीवरच्या पंचांगात खूण करून ठेवा. सासऱ्यांकडे पहिल्या दहा दिवसांत चार खुणा झाल्या. केबल गच्चीवरून वाळत घालायच्या दोरीबरोबर ओढून घेतली होती आणि चादरी वाळायला टाकल्या की ती मोडायची. फायबर ही काचेची तार, तिला काटकोनात वळवलेलं सोसत नाही. केबल खांबावरून वेगळी घेतल्यावर खुणा थांबल्या. जुना फोन तेव्हा चालू होता म्हणून तक्रार तरी करता आली.

दुसरी गोष्ट विजेची. जुन्या तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधूनच साधारण ४८ व्होल्ट मिळायचे, तिथल्या मोठ्या बॅटऱ्यांवरून. म्हणून घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरचा डबा मात्र घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की इंटरनेटही गेलं आणि त्यावरचा फोनही गेला. उपाय म्हणजे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस, जेल रोडवर हवे तेवढे मिळतात. घेताना आपल्या डब्याच्या अडॅप्टरवरचा आकडा फोटो काढून न्या. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्याच्या लाइनवर आहे का, एवढंच तपासा.

तिसरी गोष्ट, जुनं यंत्र. डब्याच्या मागे 'फोन' किंवा 'टेल' लिहिलेली एक बारकी खाच असते. त्यात बटणांचा जुना फोन लावला की तो नव्या नंबरावर चालू होतो, नवं यंत्र घ्यायची गरज नाही. आईचा काळा, बोटाने फिरवायचा फोन मी हौसेने त्यात लावला. तो वाजला, आईने उचलला, बोललीही. पण चकती फिरवून नंबर काही लागला नाही, कारण त्या फोनची टक-टक आताच्या डब्यांना सहसा कळत नाही. तो आता शोभेसाठी आहे. नव्या फोनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लावायला विसरू नका. घरच्या फोनवरून कुठल्याही मोबाइलला शून्य लावूनच फोन करायचा, हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून देशभर आहे. फोन लागत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या याच असणार, असा माझा अंदाज.

आता डायरी

मी चुकलो ते इथे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

फोनशेजारी एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन ठेवा. महिनाभर घरच्या नंबरावर ज्याचा ज्याचा फोन येईल त्याचं नाव त्यात लिहायचं. रॉंग नंबर आणि कर्ज हवंय का विचारणारे सोडून. मावशीकडे, सुदामा नगरात, महिन्यात एकोणीस नावं झाली. तिला आधी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "मला कोण करतंय फोन!"

मग घरातली जुनी डायरी काढा. ती, रबर लावलेली, जिच्या 'क' च्या पानावर 'कुकर दुरुस्ती' आणि 'काका' एकत्र असतात. तुम्ही ज्यांचे नंबर लिहून ठेवलेत, त्यांनीही तुमचा असाच कुठेतरी लिहून ठेवलाय. देवासचे चुलते, धारची नणंद, ग्वाल्हेरची आत्या: या लोकांच्या बोटांना तुमचा नंबर पाठ आहे, मोबाइलमध्ये तो नाहीच. त्यांना व्हॉट्सअॅपवर निरोप टाकून भागत नाही. त्यांना त्याच जुन्या फोनवरून फोन करा आणि नवा नंबर त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या.

मावशीने याहून चांगली युक्ती काढली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने वाणाच्या प्लास्टिकच्या डबीत नव्या नंबराची चिठ्ठी घालून दिली. सत्तावीस बायकांकडे नंबर पोचला, आणि डबी स्वयंपाकघरात असल्यामुळे चिठ्ठी हरवायचाही प्रश्न नाही.

नातेवाइकांनंतर कचेऱ्या. इथे नुसतं कळवून चालत नाही, नोंद बदलून घ्यावी लागते, आणि ती बदलल्याचं बघावंही लागतं. गॅसच्या एजन्सीत अजूनही कित्येकांचा घरचाच नंबर नोंदलेला आहे आणि फोनवरून सिलिंडरचं बुकिंग नोंदवलेल्या नंबरावरून होतं. बँकेतल्या जुन्या खात्यांवर, लॉकरच्या कार्डावर, मुदत ठेवींवर वेगवेगळे नंबर असू शकतात. एका खात्यावर बदलला म्हणजे सगळीकडे बदलला असं धरू नका. एलआयसीच्या पॉलिस्या, पेन्शन, वीज कंपनी, घरचे डॉक्टर, पॅथॉलॉजी, नातवाच्या शाळेतला 'आणीबाणीचा नंबर'. बँकेसाठी बहुधा ओळखपत्र घेऊन शाखेत जावं लागतं, म्हणून हे काम एका दिवसाचं नाही. आणि आपल्या मंडळींसाठी खास: महाराष्ट्र साहित्य सभा असो, सानंद असो की मोहल्ल्यातलं गणपती मंडळ, जिथे जिथे सभासद आहात तिथल्या यादीतला नंबर बदलून घ्या. तो बहुधा तुम्ही सभासद झालात त्या वर्षीचा असतो.

दुकान किंवा दवाखाना असेल तर पाटी, बिलबुक, पिशव्या आणि गूगल मॅपवरची नोंद बघा. इमारतीत लिफ्ट असेल तर लिफ्टमधला आणीबाणीचा फोन कुणाच्या लाइनवर आहे ते सोसायटीला विचारा. काही ठिकाणी तो तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी घरच्या जोडणीवरून घेतलेला असतो आणि कुणालाच आठवत नसतं. चोर-अलार्म आणि जुनं कार्ड-मशीन यांचंही तेच.

बिल म्हणजे नुसतं बिल नसतं

घरच्या फोनचं बिल हा पत्त्याचा पुरावा आहे. बँकेत केवायसीसाठी दोन महिन्यांपेक्षा जुनं नसलेलं टेलिफोन बिल चालतं, पासपोर्टलाही चालतं. आमच्याकडे विजेचं बिल अजून आजोबांच्या नावावर, घराची पावती तीन काकांच्या नावावर. आईच्या नावावर येणारा एकमेव कागद म्हणजे फोनचं बिल. ते बंद केल्यावर दोन महिन्यांनी तिचा पत्त्याचा पुरावा कायमचा संपला. आधार कार्डावर आताचा पत्ता बरोबर असेल तर चिंता नाही. नसेल, तर आधी त्या बिलाचा पुरावा देऊन आधारवरचा पत्ता दुरुस्त करून घ्या, मग फोन कटवा. सरकारी कुटुंब-निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे पीपीओ, किंवा नगर निगमची मालमत्ता कराची पावती आपल्या नावावर असेल तर बँकेत तीही चालते.

फोन कुणाच्या नावावर आहे?

इंदूरमधले निम्मे जुने फोन हयात नसलेल्या माणसांच्या नावावर वाजतात, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. मग घरी जाऊन बिल बघतात आणि फोन करून कबूल करतात. नंबर मिळायला वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागायचं अशा काळात वडिलांनी घेतलेला फोन, मुलांनी बिल भरत राहायचं, नाव बदलायचं कुणाच्या मनातही येत नाही.

फोन चालू ठेवायचा असेल तर नाव बदलाच. कटवायचाच असेल तर नाव बदलायच्या भानगडीत पडण्याची गरज नाही, वारसाने थेट बंद करण्याचा अर्ज करावा. सोबत मृत्यूचा दाखला, अर्जदाराचं ओळखपत्र, नात्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र. भावंडं बाहेरगावी असली तर हे पत्र सही करून आधीच मागवून ठेवा. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा घेतलं तर उत्तम, फराळाच्या ताटाबरोबर सही होऊन जाते.

यात एक जागा निसरडी आहे. डिपॉझिट परत येतं ते नोंदलेल्या ग्राहकाच्या नावाने. अर्जात काही लिहिलं नाही तर चेक निघतो गेलेल्या माणसाच्या नावाचा, आणि त्यांचं खातं केव्हाच बंद झालेलं असतं. मग तो चेक परत करा, पुन्हा अर्ज, पुन्हा दाखला. म्हणून अर्जातच एक ओळ स्पष्ट टाका: परतावा अमुक वारसाच्या अमुक खात्यात जमा करावा. सोबत त्या खात्याचा कॅन्सल केलेला चेक जोडा. शेजारच्या काकूंच्या बाबतीत ही एक ओळ आम्ही लिहिली होती, म्हणून दुसरा फेरा वाचला.

अर्ज आणि काउंटर

जुन्या सरकारी फोनसाठी ग्राहक सेवा केंद्रात, खासगी कंपनीसाठी त्यांच्या दुकानात किंवा अॅपवरून. मी कागदाचा माणूस आहे. अॅपवरून केलं तरी तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट आणि त्याची छापील प्रत फाइलमध्ये लावतो.

न्यायचं काय ते एकदा एकत्र सांगतो. शेवटच्या भरलेल्या बिलाची प्रत आणि पावती. ओळखपत्राची झेरॉक्स, मूळही जवळ असू द्या. कॅन्सल केलेला चेक. डिपॉझिट भरल्याची जुनी पावती किंवा डिमांड नोट असेल तर तिची झेरॉक्स. नसेल तरी अडत नाही, रक्कम बिलावर किंवा त्यांच्या संगणकात दिसते. कंपनीचं यंत्र आणि मोडेम, अडॅप्टरसकट. तुमच्याकडचा मोडेम तुम्ही विकत घेतलाय की भाड्याने आहे ते बिलावर बघा. भाड्याची रक्कम दिसत असेल तर तो परत द्यायचा आहे.

अर्ज मराठीत लिहू नका, आपलं प्रेम कितीही असलं तरी. इथलं काउंटर हिंदी वाचतं. फॉर्म असतो, पण त्याला साधा अर्जही जोडा, आणि त्यात मुख्य वाक्य हे असू द्या: "मैं अपना उक्त लैंडलाइन कनेक्शन दिनांक अमुक से स्थायी रूप से बंद कराना चाहता हूँ. कृपया अंतिम बिल जारी कर शेष जमा राशि मेरे संलग्न बैंक खाते में लौटाएँ." तारीख, 'स्थायी' हा शब्द आणि खातं, या तीन गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. त्याच तारेवर जुनं ब्रॉडबँड असेल तर तेही बंद करायचं असल्याचं वेगळं लिहा. नाहीतर फोन बंद, पण ब्रॉडबँडचं भाडं चालू, असा चमत्कार होतो.

तारीख निवडताना बिलाचा महिना केव्हा सुरू होतो ते बघा आणि त्याच्या आठ-दहा दिवस आधी जा. वर्षाचे पैसे एकदम भरले असतील तर उरलेल्या महिन्यांचे परत मिळतात का, हे अर्ज देण्याआधी विचारा. मिळत नसतील तर वर्ष संपेपर्यंत थांबलेलं बरं.

सासऱ्यांचा अर्ज घेऊन गेलो होतो तो दिवस सांगतो, कारण खरं काम तिथे झालं. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज घेतला, वाचला, ट्रेमध्ये टाकला आणि म्हणाल्या, "हो जाएगा, अंकल." सासरे समाधानाने उठले. मी दुसरी प्रत पुढे केली. "मॅडम, रिसीविंग." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ड्रॉवर उघडला, शिक्का शोधला, शाईच्या पॅडवर दोनदा आपटला. पहिल्यांदा नुसती गोल कडा उमटली. त्या स्वतःच म्हणाल्या, "साफ नहीं आया," आणि कोऱ्या कागदावर चार वेळा ठोकून मग आमच्या प्रतीवर नीट शिक्का मारला, खाली सही, तारीख. मी मोडेमचं सांगितलं तेव्हा त्याच प्रतीवर त्यांनी हाताने लिहिलं: एक मोडेम, एक अडॅप्टर, एक फोन, प्राप्त. मोडेमच्या पाठीवरचा सिरियल नंबर मी सांगितला तोही लिहिला. त्यात दीड मिनिट गेलं असेल. सासरे बाहेर येऊन म्हणाले, "एवढं कशाला त्रास दिलास त्या बाईंना!"

तो कागद म्हणजे तुमचं सगळं. अर्ज कुठे दिला, कधी दिला, सामान परत केलं की नाही, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर त्यावर आहे. घरी येणाऱ्या लाइनमनला मोडेम कधीच तोंडी देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

अर्जानंतर एक-दोन फोन येतील: का बंद करताय, स्वस्त प्लॅन देतो. खरंच हवा असेल तर घ्या, नाहीतर "जी, बंद ही करना है" एवढंच. फोनवर 'बरं, बघतो' म्हणू नका. अर्ज थांबवायला तेवढं पुरतं.

शेवटचं बिल, आणि एक चूक जी करू नये

अर्जानंतर कनेक्शन बंद व्हायला सात कामाचे दिवस धरून चला. मग येतं शेवटचं बिल. ते भरल्यावरच बँकेतला ऑटो-पे किंवा क्रेडिट कार्डावरची सूचना बंद करायची. आधी बंद केलीत तर ते बिल थकतं, थकलं की उशिराचा आकार लागतो, आणि हिशोब बंद व्हायचा राहतो. उलट अजिबात बंद केली नाही, तर कधी चुकून पुन्हा बिल निघालं तरी पैसे आपोआप कापले जातात आणि आपल्याला पत्ता नसतो.

बरेच जण यातलं काहीच करत नाहीत. त्यांचा मार्ग सोपा: बिल भरणं थांबवायचं, आपोआप कटेल. कटतो खरा. आधी जाणारे फोन बंद, मग येणारे, मग कनेक्शन. पण तोवरचं भाडं, उशिराचा आकार आणि परत न केलेल्या मोडेमची किंमत तुमच्या नावावर चढते, डिपॉझिट त्यातच वळतं होतं, आणि उरलेल्या रकमेसाठी नोटीस येते. माझ्या ओळखीच्या एका काकांना दोन वर्षांनी लोक अदालतीची नोटीस आली. टेलिफोनच्या थकबाकीची प्रकरणं दाव्याआधी लोक अदालतीत ठेवायची पद्धत आहे. तिथे तडजोड होते, काकांचीही झाली, पण पंचाहत्तरीच्या माणसाने 'अदालत' हा शब्द असलेला लिफाफा उघडून दोन रात्री जागून काढल्या, त्याची भरपाई कोण देणार.

शेवटचं बिल भरल्यावर 'कोई बकाया नहीं' असं लिहून घ्या, किंवा खात्यावर शून्य बाकी दाखवणारी पावती तरी घ्या. ती पोचपावतीच्या मागे टाचा.

डिपॉझिट आलं नाही तर

जुनं डिपॉझिट काही फार नसतं. एसटीडी किंवा आयएसडी घेतलं असेल तर जरा जास्त. पण तुमचं आहे, सोडू नका. टेलिफोन कंपन्यांसाठी नियम करणाऱ्या ट्राय या सरकारी संस्थेच्या २००९ च्या नियमावलीत परताव्यासाठी बंद केल्यापासून ६० दिवसांची हद्द होती आणि त्यापुढे उशीर झाल्यास वार्षिक १० टक्के व्याज होतं. २०२४ मध्ये ती नियमावली बदलली, म्हणून सध्याची मुदत अर्ज देतानाच विचारा. बंद झाल्याच्या तारखेपासून मोजून मुदतीचा शेवटचा दिवस पंचांगात खूण करून ठेवा.

त्या दिवसापर्यंत काही आलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. बीएसएनएलच्या घरच्या फोनसाठी १५०० वर. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि २०१२ च्या नियमांप्रमाणे ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. डॉकेट नंबराशिवाय ही दुसरी पायरी चढता येत नाही, म्हणून तो लिहून ठेवा. थेट ट्रायला पत्र लिहिणारेही पुष्कळ, पण एकेका ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही.

सरकारी कंपनी असेल तर माझा आवडता उपाय वेगळाच आहे: माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. 'माझा अमुक तारखेचा परताव्याचा अर्ज सध्या कोणत्या टेबलावर आहे' एवढा एकच प्रश्न. उत्तर यायच्या आत पैसे येण्याची शक्यता बरीच असते. खासगी कंपनीला हा अधिकार लागू नाही. तिथे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्याने झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं पूर्वी सांगितलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात त्या चालतात असं स्पष्ट केलं आहे. आठशे रुपयांसाठी तिथवर कुणी जात नाही, हे मलाही कळतं. पण पत्रात त्या तारखेचा उल्लेख केला की समोरचा जरा सरळ बसतो.

उरलेली तार

खांबावरून येणारी काळी तार बऱ्याच वेळा तशीच लोंबत राहते. स्वतः शिडी लावून कापू नका. त्या खांबावर विजेच्या ताराही असतात. अर्ज देतानाच 'बाहेरची तार काढून न्यावी' असं लिहा. घरातली तार तुमची आहे, ती काढा किंवा ठेवा. जुनी यंत्रं, कॉर्डलेस आणि त्याची बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. आपल्या नगर निगमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, सकाळी गाणं ऐकू आलं की तिथेच द्या.

आणि खिडकीच्या चौकटीतलं ते भोक, ज्यातून तार आत यायची, ते पुट्टीने बुजवा. आमच्याकडे ते राहून गेलं आणि पहिल्या पावसात त्यातून मुंग्यांची रांग थेट देव्हाऱ्यातल्या नैवेद्यापर्यंत आली. आईने ते मला बोलून दाखवलं, म्हणजे गुरुजींचं प्रकरण तेव्हा मिटलं होतं.